कोरडा तळहात

त्या घराचा पुढचा अर्धा भाग माणसांचा होता आणि मागचा अर्धा अत्तराचा. परंतु दोहोंमधली भिंत इतकी जुनी झाली होती की सुगंधाला ती असून नसल्यासारखीच होती. मागच्या भागात तांब्याची मोठी देग होती, तिच्या मुखाशी वाफ निववणारी वेटोळी नळी, नळीखाली दगडी टाके आणि टाक्याच्या कडेला एका बुटक्या चौथऱ्यावर पंप. देगेतल्या गुलाबपाकळ्यांतून निघालेली वाफ नळीत निवून टाक्यात उतरे. पंप ते सुगंधी पाणी उचलून पुन्हा देगेत सोडी. देग त्याची पुन्हा वाफ करी. असे ते पाणी दिवसभर प्रदक्षिणा घालीत राही, आणि प्रत्येक फेरीत थोडे अधिक गुलाब होई.

पंपाला घरात सारे 'म्हातारा' म्हणत. त्याचे कारण उघड होते: त्याची लाळ गळे. फिरता दांडा, ज्याला कारागीर शाफ्ट म्हणतात, जिथे पंपाच्या पोटातून बाहेर येऊन मोटारीला भेटतो, तिथल्या फटीत चरबी चोपडलेल्या जाड दोरीचे वेढे ठासून भरलेले असत. दोरी फार आवळली तर शाफ्ट तापून करपे. सैल सोडली तर धार लागे. म्हणून ती अशी बेताने आवळायची की थेंबाथेंबाने पाझर चालू राहावा आणि त्या पाझरानेच शाफ्ट निवावा. ते थेंब एका दगडी पन्हळीत पडत, पन्हळ भिंतीखालून गल्लीत उतरे, आणि गल्लीतला चपला शिवणारासुद्धा गिऱ्हाइकाला सांगे, "आमच्याकडे गटारालाही वास येतो, पण जरा बऱ्यापैकी!"

या थेंबांवर त्या घराचे सारे शास्त्र उभे होते, आणि ते शास्त्र एकाच व्यक्तीच्या स्वाधीन होते. ती व्यक्ती म्हणजे आत्या. वडिलांमागून भावाने आणि भावामागून भाच्याने अत्तरघर चालवले, पण आच कधी काढायची हे आत्यानेच सांगायचे, ही रीत तिन्ही पिढ्यांत मोडली नव्हती. लवकर थांबवले तर अत्तर कच्चे, हिरव्या देठाच्या वासाचे राही. उशीर झाला तर त्यात करपलेल्या पानाची छटा येई आणि ती मग कशानेही जात नसे. या दोहोंमध्ये एक क्षण असे, एखाद्या झोपलेल्या मुलाने कूस बदलावी इतका अलगद. तो ओळखण्यासाठी आत्या म्हाताऱ्यापाशी पाटावर बसे, पाझराखाली तळहात धरी, पडलेला थेंब अंगठ्याने चोळी आणि डोळे मिटून हुंगे. टाक्यातले पाणी तिला चालत नसे. "ते थंड पडलेलं असतं," ती म्हणे. "थंड पाणी मुकं असतं रे. शाफ्टापाशी घासून, ऊन होऊन येतं ना, ते बोलतं."

त्या वर्षी मात्र म्हाताऱ्याची गत वाईट झाली. वर्षानुवर्षे दोरी घासून शाफ्टला खोल चरा पडला होता. कितीही आवळले तरी थेंब आवरेना. त्याची धार झाली, आणि धारेबरोबर हंगामाचा सुगंध गल्लीत वाहू लागला.

"आता याला लाळेरं बांधू या," भाच्याची बायको, घरची सून, म्हणाली.

"लाळेरं कसलं? कवळी बसवायची वेळ आली आहे," भाचा म्हणाला. मग आत्याकडे वळून त्याने आवाज मऊ केला. "आत्या, मी सीलवाल्या बाईंना बोलावलं आहे. शाफ्टवर धातूची नवी बाही चढवतील आणि दोरीच्या जागी पाणी अडवणाऱ्या कड्यांचं सील बसवतील. मग गळणं बंद."

"अगदी बंद?"

"अगदी बंद. थेंबसुद्धा नाही."

आत्याने पदराला हात पुसले, वास्तविक ते कोरडेच होते. सुनेला तेवढ्यावरून सारे कळले. परवा पहाटे टेकडीवरच्या मळ्यातली फुले यायची होती. हंगामातला सर्वांत उत्तम तोडा तो. तो बिघडला तर वर्ष बिघडले. आणि थेंब नसेल तर तो क्षण आत्याला सांगणार कोण?

"आत्या," सून रात्रीच्या जेवणाची भांडी आवरताना म्हणाली, "हे म्हणत होते, नाहीच जमलं तर उष्णता मोजायचं यंत्र लावू. म्हणजे तुम्हाला त्रास नको."

"हो गं," आत्या म्हणाली. "मलाही एखाद्या खुंटीला टांगून ठेवा मग. त्रासच नको."

सीलबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. मध्यम वयाच्या, आखूड केसांच्या, हातात मखमलीने मढवलेली लाकडी पेटी. पादत्राणे दाराबाहेर काढून त्या आत आल्या आणि आधी म्हाताऱ्याभोवती फिरून, त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "चांगला धडधाकट आहे. फक्त कंठ गेलाय."

जुनी दोरी निघाली. काळी, चपटी, गुलाबाच्या चरबट वासाची. शाफ्टवर चकचकीत बाही चढली. मग सीलबाईंनी पेटी उघडून दोन कड्या काढल्या. एक काळी, कोळशाच्या भुकटीपासून घट्ट दाबून घडवलेली. दुसरी शुभ्र, चिनी मातीच्या कपासारखी. दोन्ही त्या कडांनी धरीत होत्या, जसे कुणी जुन्या पोथीचे पान धरावे.

"ही काळी शाफ्टबरोबर फिरते," त्या आत्याला समजावू लागल्या. "ही पांढरी पंपाच्या झाकणात बसून राहते. मागून एक स्प्रिंग काळीला पांढरीवर टेकवून धरते. दोघींची तोंडं एकमेकींवर, बस्स. दोरी नाही, काथ्या नाही, काही नाही."

"संसार म्हणायचा," आत्या म्हणाली. "एक गरगर फिरते, दुसरी बसून असते."

"आणि बसणारीलाच वाटतं की सगळा भार आपल्यावर!" सून म्हणाली. भाचा खाकरला.

"घासून झिजत नाहीत?" आत्याने विचारले.

"टेकतात, पण टेकत नाहीत. मधे पाण्याचा एक पदर असतो, केसाहूनही कितीतरी पातळ. त्याच्यावर त्या तरंगतात. तो पदर नसेल, पंप कोरडा चालवला, तर घटकाभरात जळून जातील. म्हणून तोंडं अगदी सपाट लागतात. दाखवू?"

खिडक्या लावून घेतल्या गेल्या. सीलबाईंनी पेटीतून एक दिवा काढला. त्याचा उजेड केवळ पिवळा होता, दुसरा कोणताही रंग त्यात नव्हता. त्या उजेडात सुनेची लाल साडी राखाडी झाली, तांब्याची देग काळोखी झाली, आणि माणसांचे चेहरे जुन्या छायाचित्रातल्यासारखे दूर गेले. पांढरी कडी दिव्याखाली ठेवून सीलबाईंनी तिच्यावर जाड काचेची एक चकती अलगद टेकवली. त्याबरोबर काचेखाली रेषा उमटल्या: एक काळी, एक उजळ, पुन्हा काळी, पुन्हा उजळ, सरळ, समांतर, निःशब्द. ओहोटीनंतर ओल्या वाळूवर पाण्याने स्वतःच्या जाण्याची खूण ठेवावी तशा त्या दिसत होत्या. आत्याला वाटले, आपण एखाद्या शांत तळ्याच्या तळाशी बसून वरच्या लाटा पाहत आहोत.

"रेषा सरळ म्हणजे तोंड सपाट," सीलबाई हळूच म्हणाल्या. त्या अंधारात कुणालाच मोठ्याने बोलवेना. "वाकल्या, तर समजायचं उंचवटा आहे."

"इतकं निर्मळ," आत्या पुटपुटली, "इतकं निर्मळ मी देवळातसुद्धा पाहिलं नाही."

खिडक्या उघडल्या. सुनेने चहा ठेवल्याचे सांगितले. सीलबाई कड्या स्वच्छ कागदावर ठेवून हात धुवायला गेल्या. जाताना भाच्याला बजावून गेल्या की तोंडांना बोट लागता कामा नये. भाचाही चहाला गेला. ते बजावणे आत्याच्या कानी पडले नव्हते; ती तेव्हा कपाटापाशी होती.

कपाटात तिची लहानशी कुपी होती. या घराची एक रीत होती, जी आता आत्याखेरीज कुणाला आठवत नव्हती. म्हाताऱ्याला नवी दोरी भरताना पहिल्या वेढ्याला अत्तराचे बोट लावायचे. आत्याचे वडील लावीत. ते गेल्यावर आत्या लावू लागली. जो सबंध हंगाम दुसऱ्यासाठी सुगंध वाहणार, त्याला आधी आपण थोडा द्यावा, एवढीच त्यामागची भावना. चरबट दोरीला त्याने काही होत नसे. आत्याने कुपी तळहातात धरून ऊब दिली, कारण गारठ्यात गुलाबाचे अत्तर मेणासारखे गोठते, मग करंगळीशेजारचे बोट त्यात बुडवले आणि त्या शुभ्र कडीच्या आरशासारख्या तोंडावरून हलकेच फिरवले.

"नवी आहेस," ती कडीला म्हणाली. "घर ओळखून घे."

सीलबाई परत आल्या. पातळ झालेले अत्तर त्या तकतकीत तोंडावर दिसण्यासारखे नव्हते, आणि वासाचे म्हणाल, तर त्या घरात गुलाबाच्या वासाकडे लक्ष देणे म्हणजे समुद्रात ओल शोधणे. कड्या बसल्या, झाकण बसले, टाक्यात चाचणीसाठी विहिरीचे साधे पाणी भरले गेले. भाच्याने बटण दाबले.

म्हातारा फिरू लागला. सारे वाकून पाहू लागले. आणि पाहता पाहता झाकणाखाली पाणी जमले, फुगले आणि टपकन पन्हळीत पडले. मग आणखी एक.

"अरेच्चा," सीलबाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"लाळ ती लाळच," भाचा उसासला. "जित्याची खोड."

आत्याला मात्र क्षणभर असे झाले की जणू परदेशी निघालेला माणूस रस्त्याच्या वळणावरून परत आला. ती पाटावर बसली. हात आपसूक पुढे गेला. थेंब तळहातावर पडला, अंगठ्याने चोळला गेला, डोळे मिटले.

मग तिने डोळे उघडले, आणि तिचा चेहरा उतरला.

पंपात विहिरीचे पाणी होते. त्याला वास असायला नको होता. आणि या थेंबाला होता. नुसत्या गुलाबाचा नव्हे, गेल्या सालच्या गुलाबाचा, जरा जास्त पावसाळलेल्या फुलांचा, मागाहून मधाकडे झुकणारा. तिच्याच कुपीचा. दुसऱ्या कुणाला तो ओळखता आला नसता. म्हातारा तिला आज काहीच सांगत नव्हता. तिचेच बोट तिला परत देत होता. उद्या फुले देगेत पडल्यावरही हा चिकटा मधे राहिला, तर ताज्या अत्तराच्या जागी आपण आपल्यालाच हुंगत बसू, आणि क्षण निघून जाईल.

भाचा सीलबाईंना विचारत होता, "कडीच खराब आली असेल का? मागे पाठवायची का?"

"नको," आत्या म्हणाली. "कडी बिचारी चांगली आहे. मी तिला अत्तर लावलं."

पंप फिरत होता.

"तोंडाला?" सीलबाईंनी विचारले.

"तोंडालाच. पाहुणा आला की पायाला लावतात का?"

सीलबाई आधी थबकल्या, मग त्यांना हसू फुटले. त्या इतक्या हसल्या की डोळे टिपावे लागले. "आत्याबाई, लोक तोंडांना ग्रीस फासतात, थुंकी लावतात, एकाने तर बनियननं पुसली होती. पण अत्तर! माझ्या सीलाला इतका मान आजवर कुणी दिला नव्हता."

पंप थांबवून कड्या पुन्हा काढल्या. खिडक्या पुन्हा लागल्या, पिवळा दिवा पुन्हा पेटला. विहिरीच्या गार पाण्याने अत्तर गोठून त्याचा मेणचट थर कडीच्या अर्ध्या तोंडावर बसला होता, आणि काच त्यावर टेकताच त्या सरळ रेषा तिथे येऊन वाकल्या. त्यांत पुसट, वाटोळी, एकात एक शिरणारी वळणे दिसत होती. आत्याच्या बोटावरची वळणे ती. प्रकाशाच्या ओळींमध्ये एका माणसाचा स्पर्श असा उभा राहिलेला त्या चौघांनी पाहिला, आणि बराच वेळ कुणीही काच उचलली नाही.

"पुसायचंच का?" सुनेने विचारले.

"पुसा," आत्या म्हणाली. "त्याच्या वाटेत मी नको."

सीलबाईंनी स्पिरिटने, मऊ कागदाने, एकाच दिशेने ती वळणे पुसून काढली. या वेळी पंप फिरला तेव्हा झाकणाखाली काहीच जमले नाही. दगडी पन्हळ दुपारपर्यंत सुकली. तिचा मूळ रंग राखाडी आहे हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते.

पहाटे टेकडीवरची फुले आली. टोपल्या उतरताना अंगण ओले गुलाबी झाले. देग भरली, आच लागली, सूर्य वर आला, आणि कोरड्या कंठाचा म्हातारा सुगंधी पाणी वाहू लागला. सीलबाई पहिला दिवस नजरेखालून घालण्यासाठी थांबल्या होत्या. आत्या नेहमीच्या पाटावर बसली. तिने हात पुढे केला, तो रिकामाच राहिला. तिने तो मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिली.

दुपार कलू लागली. भाच्याने टाक्यातून वाटीभर पाणी आणले. आत्याने हुंगले.

"मुकं आहे."

"थोडं गरम करून आणू?" सुनेने विचारले.

"शिळी भाकरी शेकली म्हणजे ताजी होते का गं?"

भाचा दोनदा देगेपाशी जाऊन आला. त्याची नजर विस्तवावर होती, आणि तो विस्तव आता किती काळ ठेवायचा हे त्या घरात कुणालाही ठाऊक नव्हते. आयुष्यात प्रथमच फुले आत्यासमोर शिजत होती आणि ती जणू दाराबाहेर उभी होती.

सीलबाई म्हाताऱ्यापाशी कान देऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आत्याबाई, काल मी पदराचं सांगितलं ना, दोघींच्या मधल्या पाण्याच्या?"

"सांगितलं होतं."

"तो पदर आतून येतो आणि बाहेरच्या कडेपर्यंत पोचतो. तिथे पोचेपर्यंत घर्षणानं इतका तापतो की त्याचा थेंब होत नाही, त्याची वाफ होऊन जाते. डोळ्याला दिसत नाही. आम्ही म्हणतो, गळत नाही. पण श्वास असतो त्याला."

आत्याने मान वर केली. "ऊन?"

"ऊनच. तुमच्या जुन्या थेंबाहून जास्त."

आत्या पाटावर पुढे सरकली. तिने तळहात झाकणाच्या फटीपाशी नेला, फिरत्या शाफ्टला लागू नये असा, बाळाच्या नाकाशी धरावा तसा. बराच वेळ धरला. मग नाकाशी आणला. काही नाही. पुन्हा धरला. तळहाताला ऊब लागत होती, इतकी हलकी की ती आपल्याच रक्ताची असावी असे वाटे. तिने डोळे मिटले.

प्रथम धातू आला. मग चुन्याचा, ओल्या दगडाचा वास. तिने तो बाजूला सारला. मग फार लांबून, जणू पलीकडच्या डोंगरावर कुणी बोलते आहे आणि वाऱ्याने अर्धेच शब्द येत आहेत, असे काहीतरी आले. हिरवे. देठाचे. तिने हात काढला नाही. हिरव्याच्या मागून पिवळे येऊ लागले, उन्हात तापलेल्या पाकळीचे; मग ते दाट झाले, आणि त्या दाटपणात काहीतरी कूस बदलते आहे असे तिला वाटले. वाटले मात्र, थेंब जसे स्पष्ट सांगे तसे नव्हे. तिने आणखी एक श्वास घेतला. खात्री करून घेण्याइतका वेळ त्या क्षणापाशी नसतो, हे ती जाणून होती.

"थांबव," ती म्हणाली.

भाचा विस्तवाकडे धावला, मग अर्ध्यातच वळला. "नक्की ना, आत्या?"

"नक्की नाही. थांबव म्हटलं ना!"

त्याने आच ओढली. म्हातारा मंदावत गेला आणि थांबला. त्या शांततेत गल्लीतली सायकलची घंटा ऐकू आली आणि चपला शिवणाऱ्याचा आवाज: "अहो, आज गटाराला गटाराचाच वास येतोय! घरात सारं ठीक आहे ना?"

"ठीक आहे!" सून आतून ओरडली, आणि आत्याकडे बघून तिने जीभ चावली, कारण ठीक आहे की नाही, हे अजून कुणाला माहीत नव्हते.

पाणी निवायला वेळ लागतो. निमुळत्या मानेच्या भांड्यात ते रात्रभर स्थिर राहिले, आणि सकाळी त्याच्यावर अत्तराची पातळ, सोनेरी साय आली होती. आत्याने काचेच्या कांडीने ती टिपली आणि सुनेच्या मनगटाला लावली. मग ते मनगट दोन्ही हातांत धरून ती इतका वेळ हुंगत राहिली की सुनेच्या डोळ्यांत पाणी आले.

"काय झालं, आत्या? बिघडलं का?"

"नाही गं." आत्या म्हणाली. "चांगलं आहे. जरा घाई केली मी. अगदी जरा. देठाचं एक हिरवं टोक राहिलंय बघ, शेवटाला."

भाच्याने हुंगले. त्याला हिरवे काही लागले नाही. त्याला फक्त टेकडी दिसली, पहाटेची, टोपल्या घेऊन उतरणारी माणसे. "मला तर काही कळत नाही," तो म्हणाला.

"तुला कधी कळलंय? पण मला कळलं, आणि पुढच्या वेळी आणखी एक श्वास थांबेन." तिने सुनेचे मनगट सोडले नाही. "उद्या फुलं आली की तूही बस माझ्याशेजारी. हात धर तिथं. पहिल्यांदा धातूचा येईल, घाबरू नकोस."

सीलबाई पेटी बंद करून निघाल्या होत्या. आत्याने त्यांना दाराशी थांबवले, कुपी काढली, तळहातात ऊब दिली, आणि त्यांच्या मनगटाला बोट लावले.

"इथे चालतं ना?" तिने विचारले.

"इथे चालतं," सीलबाई म्हणाल्या.

त्या गल्लीतून चालू लागल्या तेव्हा चपला शिवणाऱ्याने हातातली सुई थांबवून मान वर केली आणि त्यांच्या मागे बराच वेळ पाहत राहिला.